फॅमिली डॉक्टर ठरवा, तेही ठणठणीत असताना

रात्री साडेनऊला मुलाचा ताप १०३ वर जातो आणि सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा सुरू होते, ‘जवळपास कोण चांगले डॉक्टर आहेत?’ त्या घाईत निवड होत नाही. ज्याचे शटर वर असेल तो डॉक्टर. म्हणून नव्या भागात राहायला गेलात की गॅस आणि दुधाबरोबर दवाखान्याचीही सोय पहिल्याच महिन्यात लावा.

आधी अंतर बघा. तापाने अंग मोडलेल्या माणसाला रिक्षाने पंधरा मिनिटांत पोचता येईल, इतकेच. दूरच्या नामांकित डॉक्टरांकडे दुखणे अंगावर काढून शेवटी जाणे होते. त्या भागात दहा-पंधरा वर्षे राहिलेल्या दोन-तीन घरांत विचारा, शक्यतो लहान मूल किंवा म्हातारे माणूस असलेल्या. ‘हाताला गुण आहे’ हे सगळेच सांगतील. त्यांना नेमके विचारा की फोन कोण उचलते, रविवारी काय करतात, डॉक्टर गावाला गेले तर रुग्ण कोण बघते.

मग पाटी वाचा. पदवी आणि नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असला पाहिजे आणि चिठ्ठीवरही छापलेला असला पाहिजे. एमबीबीएस किंवा एमडी असतील तर नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर शोधता येते. ही नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत, त्यामुळे त्यांचे नाव मेडिकल कौन्सिलच्या यादीत दिसले नाही म्हणून लगेच संशय घेऊ नका. त्यांच्या परिषदेकडे खात्री करा. पदवीच लिहिलेली नसेल तर मात्र तिथून परत फिरा.

पहिली भेट छोट्या कामासाठी ठेवा: बीपी मोजणे, जुने रिपोर्ट दाखवणे, मुलाच्या लसींचे कार्ड तपासून घेणे. यात डॉक्टरांची पद्धत कळते. चालू औषधे आणि ॲलर्जी विचारली का? बाहीवरून नव्हे, उघड्या दंडावर पट्टा बांधून बीपी घेतले का? औषध किती दिवस घ्यायचे आणि काय झाले तर परत यायचे, हे सांगितले का? साध्या सर्दीला पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक आणि इंजेक्शन देणारा दवाखाना टाळावा. सलाईनचेही तसेच. ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण १०० कॅलरी. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेल्याला सलाईन जीव वाचवते. ‘अशक्तपणा वाटतो’ म्हणून लावलेल्या बाटलीने ताकद येत नाही. हे समजावून सांगून सलाईन नाकारणारे डॉक्टर भेटले तर त्यांना सोडू नका.

आता नंबरचे. बहुतेक दवाखान्यांत नंबर कंपाउंडर किंवा रिसेप्शनवरच्या ताई लावतात, आणि वेळेवर भेट मिळणे त्यांना काय कळले यावर ठरते. ‘डॉक्टरांना भेटायचंय’ म्हटले की शेवटचा नंबर मिळतो. चार गोष्टी एका दमात सांगा: वय, त्रास, किती दिवस, आधीचा आजार. ‘आई, ६८ वर्षं, डायबेटिस आहे, दोन दिवस ताप, कालपासून खात नाही,’ असे कळवले तर बहुतेक ठिकाणी मध्ये घेतात. त्रास वाढवून मात्र सांगू नका. पुढच्या खेपेला खरे सांगितले तरी विश्वास बसत नाही. दवाखाना उघडताच फोन करा. सोमवारी गर्दी जास्त असते, आणि पावसाळ्यात डेंगी-मलेरियाच्या दिवसांत रोजच. बीपी-शुगरच्या नेहमीच्या तपासणीसाठी आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळचा नंबर घ्या. ॲपवरची वेळ पक्की समजू नका. निघताना ‘कितवा नंबर चालू आहे?’ हे फोनवर विचारलेले बरे.

भेट मिळूनही वाया जाते ती कागदांअभावी. एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे रिपोर्ट, वर चालू औषधांची यादी, आणि औषधांची पाकिटे सोबत. ‘ती पांढरी छोटी गोळी’ यावरून कोणाला काही कळत नाही. बीपीसाठी आठवडाभराची सकाळ-संध्याकाळची आकडेवारी वहीत लिहून न्या. उपाशीपोटीच्या शुगरसाठी ८ तास काही खाल्लेले नसावे, पाणी चालते. आधीच्या रुग्णालयातले कागद मिळत नसतील तर लेखी मागणी करा: नियमाप्रमाणे ७२ तासांत द्यावे लागतात.

स्पेशालिस्टकडे महिन्यानंतरची तारीख मिळाली तर फॅमिली डॉक्टरांकडून चिठ्ठी आणि शक्य असेल तर एक फोन मागा. दोन ओळींच्या चिठ्ठीने तारीख बरीच अलीकडे येते. शिवाय ‘कोणी रद्द केले तर कळवा’ असे सांगून आपला फोन नंबर देऊन ठेवा.

सरकारी ओपीडीत खरी अडचण केसपेपरच्या खिडकीची. डॉक्टर दुपारपर्यंत बसले तरी खिडकी आधी बंद होते, आणि काही विभाग ठराविक वारीच असतात. आदल्या दिवशी चौकशी करा. जिथे क्यूआर कोड लावलेला आहे तिथे १४ अंकी आभा क्रमांकाने, म्हणजे सरकारच्या डिजिटल हेल्थ कार्डावरच्या क्रमांकाने, मोबाइलवरून टोकन घेता येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात येत नाहीत. साध्या सल्ल्यासाठी ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर घरबसल्या डॉक्टरांशी विनामूल्य बोलता येते.

छातीत दाब, दम लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे, यातले काही दिसले तर नंबर लावू नका, दवाखान्यातही थांबू नका. १०८ लावा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून त्रास सुरू झाल्याची वेळ घड्याळात बघून कागदावर लिहा आणि तो कागद रुग्णासोबत द्या.