जमिनीखालच्या वाळू-गोट्यांचे मूल्य कसे ठरवावे

जमिनीत वाळू-गोट्यांचा थर सापडला की मालक टनांचा आकडा काढून त्याला बाजारभावाने गुणतो, आणि मूल्यांकनातली सर्वांत मोठी चूक तिथेच होते. कारण बाजारात मिळणाऱ्या भावात उपसा, धुणे, चाळणे आणि वाहतूक यांचा खर्च धरलेला असतो, तर खनिजावर हक्क असलेल्या जमीनमालकाच्या वाट्याला फक्त स्वामित्वधन, म्हणजे उपसा करणारा दर टनामागे देतो ती रक्कम, येते.

सुरुवात चाचणी खड्ड्यांपासून करावी. नदीने टाकलेले थर भिंगासारखे मध्ये जाड आणि कडेला पातळ असतात, त्यामुळे एका खड्ड्यावर विसंबू नये. ठरावीक अंतराने खड्डे घेऊन प्रत्येकात वरच्या मातीची जाडी, थराची जाडी आणि पाणी कुठे लागले हे नोंदवावे. पाण्याखालचा माल काढता येतो, पण तो महाग पडतो.

प्रत्येक खड्ड्यातला नमुना प्रयोगशाळेत चाळून घ्यावा. सर्वसाधारणपणे ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून पडते ती वाळू, वर राहतात ते गोटे. जागेवर अंदाज हवा असल्यास काचेच्या बरणीत नमुना व पाणी घालून जोरात हलवावे: वाळू लगेच तळाशी बसते, गाळ मात्र बराच वेळ पाणी गढूळ ठेवतो आणि शेवटी वर वेगळा पापुद्रा धरतो. तो पापुद्रा जाड दिसला, तर धुण्याचा खर्च आणि घट दोन्ही वाढणार.

समजा, २ हेक्टरांत सरासरी ४ मीटर थर आहे, म्हणजे ८०,००० घनमीटर. हद्दीलगत सोडायची जागा आणि खाणीचे उतार यांत चौथा हिस्सा गेला, तर ६०,००० उरतात, घनमीटरला १.७ टन धरल्यास १,०२,००० टन होतात आणि धुण्यात १५ टक्के गेल्यावर विकण्याजोगे ८६,७०० टन राहतात.

हा माल एका दिवसात विकला जात नाही. वर्षाला ८,६७० टन खपले, तर दहा वर्षे लागतील, आणि १० टक्के दराने वर्तमान मूल्य काढल्यास वर्षअखेरीस मिळणाऱ्या समान स्वामित्वधनाच्या दहा हप्त्यांचे आजचे मोल एका हप्त्याच्या जेमतेम सहापट भरते. शक्य असल्यास हा आकडा तशाच जमिनींच्या खरेदीखतांशी ताडून पाहावा. उपसा संपल्यावर उरणाऱ्या जमिनीची आजच्या मोलाने किंमत यात मिळवावी. खड्डा भरण्याची जबाबदारी मालकावर असेल, तर तो खर्च वजा करावा.

वाळू वजनाने जड आणि किमतीने हलकी असल्यामुळे बांधकामे दूर असतील, तर उत्तम थरालाही गिऱ्हाईक मिळत नाही. उत्खननाची परवानगी हाती नसेल, तर ती मिळण्याची शक्यता व लागणारा काळ पाहून मूल्य आणखी उतरवावे. माझ्या मते अहवालात परवानगी असतानाचा आणि नसतानाचा असे दोन आकडे वेगवेगळे दाखवणेच प्रामाणिक ठरते.