सिम बदलताय, परदेशी जाताय? आधी मॉडेल नंबर

परदेशात उतरल्यावर माझ्या फोनवर रेंजच्या चारही दांड्या होत्या. नकाशा उघडत होता, व्हिडिओ चालत होता. पोहोचल्याचं कळवायला घरमालकाला फोन लावला, तर वरचं ‘४जी’ गायब, दोन सेकंद शुकशुकाट आणि कॉल कट. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सात-आठ वेळा. आधी वाटलं नंबर चुकला, मग वाटलं सिम खराब, मग कंपनीच्या नावाने बोटं मोडून झाली. खरं तर निघण्याआधी रात्र-रात्र बसून कंपन्यांचे कव्हरेज नकाशे शेजारी शेजारी लावून पाहिले होते, तक्ताही केला होता. हातातला फोन तेवढा तपासला नव्हता. त्या देशात २जी आणि ३जी दोन्ही बंद झालेलं. कॉल जायचे ते फक्त ४जीवरून, म्हणजे व्होल्टीवरून, आणि माझ्या मॉडेलवर त्या नेटवर्कचं व्होल्टी चालतच नव्हतं.

म्हणून सगळ्यात आधी सेटिंगमध्ये जा आणि फोनचा पूर्ण मॉडेल नंबर कागदावर लिहा. नाव नको, नंबर. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या बँडचा, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांचा, बनवतात. खोक्यावरचं नाव तेच, शेवटची दोन-तीन अक्षरं वेगळी, आणि सगळा खेळ त्या अक्षरांत असतो. तो कागद जवळ ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

आता घरी कंपन्यांची तुलना. कंपनीचा नकाशा बघा, पण त्यावर विसंबू नका. तो बहुतेक वेळा गणिताने काढलेला अंदाज असतो आणि तोही उघड्यावरचा. तुमची भिंत, लिफ्ट, तळघर त्यात नाही. अमेरिकेच्या सरकारी ब्रॉडबँड नकाशातही मोबाइलचं कव्हरेज बाहेर उभ्या माणसासाठी किंवा गाडीतल्या माणसासाठी दाखवतात, घरात पलंगावर आडव्या झालेल्यासाठी नाही. ओपनसिग्नल, एनपर्फ, सेलमॅपर या अ‍ॅपवर लोकांच्या फोनमधून आलेली मोजमापं असतात, ती जोडीला बघा. तुमच्या गल्लीत कोणी मोजलंच नसेल तर तिथेही पांढरी जागाच दिसेल. पांढरी जागा म्हणजे रेंज नाही असं नव्हे.

दांड्या मोजू नका. किती सिग्नलला किती दांड्या, हे प्रत्येक फोन आपल्या मनाने ठरवतो. अँड्रॉइडवर ‘अबाउट फोन’मध्ये सिमच्या माहितीत डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा मिळतो, आयफोनवर फील्ड टेस्ट मोडमध्ये. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका बरा. ४जीला उणे ८०च्या आसपास उत्तम, उणे १००ला काम चालतं, उणे ११५ला कॉलमध्ये ‘हॅलो, हॅलो’ सुरू. माझ्याकडे खिडकीत उणे ९४ आणि उशाशी उणे ११७ आला होता, मधे फक्त एक भिंत. दुसऱ्या कंपनीचं सिम कोणाकडून तासभर मागून आणा आणि शक्यतो त्याच फोनमध्ये, त्याच जागांवर मोजा. फोन बदललात तर तुलना नेटवर्कची होणार नाही, फोनचीच होईल. जागा बदलली की विमान मोड लावून काढा, नाहीतर फोन आधीच्याच टॉवरला चिकटून बसतो. एकदा दुपारी आणि एकदा रात्री मोजा. रात्री आकडा तोच राहून नेट रांगत असेल, तर रेंज ठीक आहे, टॉवरवर गर्दी आहे. कंपनी बदलून रेंज सुधारेल, गर्दीची खात्री नाही. दुसऱ्याचे टॉवर भाड्याने घेऊन स्वस्त प्लॅन विकणाऱ्या कंपन्यांची रेंज बहुधा मूळ कंपनीसारखीच असते, मात्र गर्दीच्या वेळी त्यांची गिऱ्हाइकं बऱ्याचदा रांगेत मागे असतात.

बँड हा शब्द कंटाळवाणा वाटला तरी थांबा. ७००, ८०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात. २६०० किंवा ३५००च्या लहरींवर नेट वेगवान, पण त्या लवकर दमतात. गावाबाहेर आणि घरात जी रेंज मिळते ती मुख्यतः खालच्या बँडची. अमेरिकेत त्यासाठी बँड क्रमांक १२, १३, ७१, युरोपात २० आणि २८, ऑस्ट्रेलियात २८. तुमच्या फोनमध्ये तो बँडच नसेल तर नकाशा कितीही गडद रंगलेला असो, शहर सोडलं की तुम्ही कोरडे. हे कुठे कळणार? फोन कंपनीच्या संकेतस्थळावर, मॉडेल नंबर टाकून. काढा तो कागद.

आणि परदेशाचं. तुमच्या कंपनीचे तिकडे टॉवर नसतात, ती तिथल्या कोणाच्या तरी टॉवरवर पाहुणी असते. म्हणून ‘इतक्या देशांत रोमिंग’ या जाहिरातीला काडीचा अर्थ नाही; त्या देशात भागीदार कोण, हे नावानिशी विचारा आणि त्या भागीदाराचा नकाशा बघा. एकाच देशात दोन-तीन भागीदार असले तर घरचं सिम तिथल्या स्थानिक सिमपेक्षा जास्त ठिकाणी चालू शकतं, कारण स्थानिक सिम बहुधा एकालाच बांधलेलं असतं. पण रोमिंगचा डेटा अनेकदा घरच्या देशाला वळसा घालून येतो, त्यामुळे फुल रेंज असूनही पानं उघडायला वेळ लागतो.

मग पुन्हा तेच, कारण मी हेच विसरलो होतो: तुमच्या मॉडेलवर, त्या नेटवर्कवर, व्होल्टी चालतं का? सेटिंगमध्ये व्होल्टीचं बटण दिसतं म्हणजे सगळीकडे चालतं असं नाही. माझ्याकडेही ते दिसत होतं! फोनने त्या कंपनीचं व्होल्टी ओळखलं पाहिजे, आणि रोमिंगवर असाल तर दोन्ही कंपन्यांत तसा करारही हवा. पूर्वी व्होल्टी नसलं की फोन गुपचूप ३जीवर उतरून कॉल लावायचा. ती खालची पायरीच आता काढून टाकली आहे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२मध्ये ३जी बंद केलं, तैवानने २०२४मध्ये, ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२४पर्यंत. जर्मनीत ३जी २०२१मध्ये गेलं पण २जी मागे ठेवलं, म्हणून तिथे जुना फोन निदान बोलतो तरी. ऑस्ट्रेलियात तर जो फोन ४जीवरून ‘०००’ हा आपत्कालीन नंबर लावू शकत नाही, त्याला नेटवर्कवर घ्यायचंच नाही असा नियम आहे. तेव्हा ही नुसती गैरसोय नाही. माझा प्रश्न घरमालकाचा होता, अँब्युलन्सचा असता तर?

मॉडेल नंबर, देश, नेटवर्कचं नाव. तिन्ही घेऊन दोन्हीकडच्या कंपन्यांना विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. ‘चालेल हो’ हे उत्तर नव्हे.

बाकीचं भराभर. फोन एका कंपनीला लॉक नाही ना, बघा. ई-सिम घ्यायचं तर फोन ते घेतो का, तेही त्याच मॉडेल नंबरवरून. घरच्या सिमवर रोमिंग निघण्याआधी सुरू करा, बँकेचे ओटीपी त्यावरच येणार. वायफाय कॉलिंग चालू ठेवा. युरोपीय संघात जून २०१७पासून तिथल्या सिमला दुसऱ्या सदस्य देशात घरच्याच दराने रोमिंग मिळतं, पण स्वित्झर्लंड त्यात नाही आणि गाडी सीमा ओलांडताना फोन तुम्हाला विचारून नेटवर्क बदलत नाही. जहाजावर डेटा बंदच ठेवा. चार्जर वगैरे तुम्हाला माहीत आहे.

उतरल्यावर विमानतळाचं वायफाय हाताशी आहे तोवर ते बंद करून एक कॉल लावून बघा. मेसेज नाही, व्हिडिओ नाही. कॉल.