यागी गच्चीवर चढवण्यापूर्वीची तयारी

वडोदऱ्यात हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संवादाच्या छंदासाठी गच्चीवर यागी, म्हणजे एकाच दिशेला जोर देणारा सळयांचा अँटेना उभारायचा असेल, तर हत्यारांच्या पेटीआधी दिनदर्शिका उघडावी. 14 जानेवारीचे पतंगांचे उत्तरायण आणि दुसऱ्या दिवशीचे वासी उत्तरायण या दोन दिवसांत रावपुऱ्यापासून दांडिया बाजारापर्यंत एकही गच्ची मोकळी सापडत नाही, आणि सळयांचा अँटेना मांजाला आयताच अडकवून घेतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली असली, तरी तो अजूनही आकाशात दिसतो. तो सहजी तुटत नाही आणि ओढाताणीत ॲल्युमिनियमची पातळ सळई वाकवतो. म्हणून मापे घेणे, कापणे आणि जोडणे डिसेंबरात उरकावे आणि प्रत्यक्ष चढवणे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवावे. शेजारची गुजराती मंडळी कमुरत्यात, म्हणजे संक्रांतीआधीच्या अशुभ मानलेल्या महिन्यात, नवे काम काढत नाहीत, तो संकेत या छंदाला अनायासे सोयीचा पडतो.

परवान्याबाबत फार लिहिण्यासारखे नाही. संचार मंत्रालयाच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी नियोजन) विभागाचा परवाना आणि त्यावरील कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचे ओळखनाव, हाती आल्याशिवाय पीटीटी (बोलण्याचे बटण) दाबू नये, ऐकायला मात्र आजपासूनच हरकत नाही. सोसायटीत राहणाऱ्यांनी गच्चीच्या वापराची परवानगी लेखी घेऊन ठेवावी, कारण तोंडी दिलेली परवानगी नवीन सेक्रेटरी आला की विसरली जाते.

जागा निवडताना गच्चीवरून सर्व बाजूंनी खाली पाहून विजेच्या तारा शोधाव्यात. जुन्या पोळांमध्ये, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांमध्ये, तारा घरांच्या अगदी जवळून जातात. अँटेनासह मास्ट (अँटेना पेलणारा उभा खांब) आडवा पडल्यास त्याचे टोक जिथवर पोचेल, त्याच्या किमान दीडपट अंतरात एकही तार नसावी. असल्यास जागा बदलावी. या बाबतीत तडजोड करू नये.

आता मापांकडे वळू. आपल्याकडे हॅमसाठीचा दोन मीटर तरंगलांबीचा पट्टा 144 ते 146 मेगाहर्ट्झ असा जेमतेम दोन मेगाहर्ट्झचा आहे. 145 मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे 2.07 मीटर येते, त्यामुळे तीन एलिमेंटच्या (सळयांच्या) साध्या यागीत केबल जोडलेला ड्रिव्हन एलिमेंट साधारण 98 ते 99 सेंटिमीटर, मागचा रिफ्लेक्टर त्याहून पाचएक टक्क्यांनी लांब आणि पुढचा डायरेक्टर तेवढाच आखूड असतो. दोन एलिमेंटमधले अंतर 40 सेंटिमीटरच्या आसपास धरले, तर सव्वा मीटरचा बूम (सळया पेलणारा आडवा दांडा) पुरतो. हे आकडे केवळ अंदाजासाठी आहेत. सळईची जाडी आणि ती बूममधून आरपार जाते की प्लॅस्टिकच्या ठोकळ्यावर वेगळी बसते, यावर लांबी बदलते. म्हणून एका आराखड्यातली लांबी आणि दुसऱ्यातली जाडी असे मिश्रण करू नये. ड्रिव्हन एलिमेंट एक सेंटिमीटर आखूड कापला, तर अँटेना सुमारे दीड मेगाहर्ट्झने वर सरकतो, म्हणजे पट्ट्याचा बहुतेक भाग हातचा जातो. शिंप्याची टेप या कामाला चालत नाही. पोलादी टेप घ्यावी, दोन वेळा मापावे, आणि कापताना दोन मिलिमीटर जास्त ठेवून नंतर कानसीने घासावे. मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये कापून घेतल्यास टोके सरळ येतात, पण मापाचा कागद कारागिराच्या हाती देऊन निघून जाऊ नये.

ड्रिव्हन एलिमेंटच्या शेजारी इतर सळया आल्या की त्याचा इंपिडन्स (रेडिओ-प्रवाहाला होणारा विरोध) घटतो आणि पुष्कळदा रेडिओ व केबलच्या 50 ओहमच्या बराच खाली जातो. तो जुळवण्यासाठी गॅमा मॅच (ड्रिव्हन एलिमेंटला समांतर जोडलेली छोटी सळई), फोल्डेड डायपोल (दुमडलेल्या सळईचा ड्रिव्हन एलिमेंट) किंवा मुळातच 50 ओहमसाठी रचलेला आराखडा, यांपैकी काय वापरणार हे सळया कापण्याआधी ठरवून ठेवावे.

केबलमध्ये काटकसर करण्याचा मोह सर्वांना होतो. वीस मीटर आरजी-58 या बारीक केबलमध्ये 145 मेगाहर्ट्झला सुमारे चार डेसिबल वाया जातात, म्हणजे रेडिओतून निघालेल्या दहा वॉटपैकी चारच अँटेनापर्यंत पोचतात. जाड आरजी-213 घेतल्यास साडेसहाच्या आसपास पोचतात. यागीने मिळवून दिलेला फायदा केबलमध्येच घालवायचा असेल तर एवढी कापाकापी कशासाठी करायची? घरात उरलेली टीव्हीची केबल 75 ओहमची असते, हेही विसरू नये.

जुळणी पूर्णपणे जमिनीवर, अंगणात किंवा खोलीत करावी आणि गच्चीवर केवळ क्लॅम्प आवळण्याचे काम शिल्लक ठेवावे. प्रत्येक एलिमेंटवर मार्करने क्रमांक घालावा आणि बूमच्या पुढच्या टोकाला लाल टेप लावावी. माझ्या पहिल्या यागीला अशी खूण नव्हती. तो मी उलटा बसवला आणि तीन संध्याकाळी अहमदाबादकडे त्याची पाठ करून अहमदाबादच्या स्टेशनांना हाका मारत राहिलो. एफएम आणि रिपीटरसाठी (संदेश ऐकून पुढे पाठवणाऱ्या केंद्रासाठी) एलिमेंट उभे असावे लागतात, आणि इथे एक चूक हमखास होते: लोखंडी मास्ट बूमच्या मध्यावर, उभ्या एलिमेंटांच्या मधोमध येतो आणि अँटेनाच्या झोताचा आकार बिघडवतो. अशा वेळी बूम रिफ्लेक्टरच्या मागे पकडावा किंवा मास्टचा वरचा भाग फायबरग्लासचा घ्यावा. एसएसबीसाठी (दूरच्या संपर्काला वापरल्या जाणाऱ्या आवाजाच्या पद्धतीसाठी) एलिमेंट आडवे असतात, तिथे ही अडचण येत नाही.

अँटेना गच्चीवर नेण्याआधीच त्याचा एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना केबलशी किती जुळतो हे सांगणारा आकडा, तपासावा, मात्र अँटेना फरशीवर ठेवून नव्हे. लाकडी शिडीला बांधून, तोंड आकाशाकडे करून, माणसांपासून दोन मीटर दूर. नॅनोव्हीएनए हे तो मोजणारे छोटे उपकरण मित्राकडून उसने आणले तरी चालते. 145 मेगाहर्ट्झच्या आसपास 1.5 च्या खाली आकडा आला की पुढे जावे.

पावसाची तयारी जानेवारीतच करायची असते. नट-बोल्ट आणि यू-क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचे असावेत आणि ॲल्युमिनियमला तांबे थेट चिकटू देऊ नये, अन्यथा पहिल्या पावसाळ्यातच जोड गंजतो. कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळून तीवर काळी टेप घालावी. पांढरे केबल टाय उन्हात ठिसूळ होऊन तुटतात, काळे टिकतात. खिडकीतून आत घेण्याआधी केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी बाहेरच ठिबकते. मास्टला जाड तांब्याच्या पट्टीने अर्थिंग करून ते घराच्या अर्थिंगशी जोडावे. तरीही ढग गडगडू लागण्याआधी केबल रेडिओपासून काढून ठेवावी.

दिशा ठरवण्यासाठी हिवाळ्यातली स्वच्छ सकाळ चांगली. गच्चीवरून पावागड दिसत असेल, तर शहरापासून तो उत्तरेकडून सुमारे 60 अंश पूर्वेला आहे. अहमदाबाद जवळजवळ थेट वायव्येला शंभर किलोमीटरवर, आणि सुरत दक्षिणेला किंचित पश्चिमेकडे सुमारे 130 किलोमीटरवर येते. तीन एलिमेंटच्या यागीचा झोत सुमारे 60 अंश रुंद असल्यामुळे अंशाअंशासाठी हट्ट धरण्याचे कारण नाही. रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) नसल्यास मास्ट जाड पाइपात सैल बसवून हाताने फिरवता येतो. त्या पाइपावर या शहरांच्या रेघा रंगवून ठेवाव्यात.

चढवण्याच्या दिवशी दोन माणसे वर आणि एक खाली असावा, पाना दोरीने कमरेला बांधलेला असावा, आणि वारा सुटला असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे. शेवटी वर बसलेल्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर तारखेसह वहीत लिहावा. जूनच्या पहिल्या आठवड्यात बोल्ट पुन्हा आवळताना आणि पुढच्या उत्तरायणानंतर मांजाचे गुंते सोडवताना तुलनेसाठी तोच आकडा लागतो.