टोपीमाकडांची टोळी कशी पाहायची

आधी समोरचा प्राणी कोणता ते ठरवा. सिंहगड, माथेरान, महाबळेश्वर इथे दिसतं ते टोपीमाकड. माथ्याच्या मधोमध भोवरा, त्यातून चहूकडे पसरलेले केस आणि जवळपास अंगाएवढी लांब शेपूट. काळ्या तोंडाचं वानर वेगळं. त्याच्या गालांत पिशव्या नसतात. टोपीमाकडाच्या असतात, म्हणून ते मिळालेलं खाणं भराभर गालात कोंबतं आणि दूर जाऊन सावकाश चावतं.

सोबत वही, घड्याळ आणि 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण पुरे. खाण्याची पिशवी जवळ बाळगू नका. माकडाला पिशवी दिसली की ते तुमच्याशी कसं वागतं तेवढंच पाहायला मिळतं, ती आपसात कशी वागतात ते नाही. अंतर किमान 10 मीटर ठेवा.

पहिल्या फेऱ्या फक्त ओळख पटवण्यासाठी ठेवा. फाटका कान, वाकडं बोट, तुटलेली शेपूट, ओठावरचा व्रण अशा न बदलणाऱ्या खुणा लिहा. केसांचा रंग नको, तो उन्हासावलीत फसवतो.

मग दर 10 मिनिटांनी डावीकडून उजवीकडे नजर फिरवा आणि दिसेल त्या प्रत्येक माकडाची एकच नोंद करा: खातंय, चालतंय, बसलंय, दुसऱ्याचं अंग विंचरतंय की खेळतंय. वेगळ्या सत्रात एकाच माकडावर सलग 15 मिनिटं लक्ष ठेवा, मात्र ते माकड आधी ठरवून ठेवा. हे पाळलं नाही तर नजर आपोआप भांडणाकडे वळते आणि वही वाचणाऱ्याला वाटतं, टोळी दिवसभर भांडतच असते.

खरी उतरंड भांडणात दिसत नाही, मुकाट्याने जागा सोडण्यात दिसते. एक माकड नुसतं चालत आलं आणि बसलेलं दुसरं उठून गेलं, की ‘कोण आलं, कोण उठलं’ एवढं लिहा. अशा नोंदींचा तक्ता केला की क्रम आपोआप उभा राहतो. टोपीमाकड ज्या गटात मोडतं त्या मकाक माकडांत माद्या जन्माच्या टोळीतच राहतात आणि मुलीला आईच्या खालोखाल दर्जा मिळतो. सहसा धाकटी थोरलीच्या वर जाते. नर बहुधा वयात आल्यावर टोळी सोडतात. त्यांचा क्रम बदलता असतो, म्हणून नर आणि माद्यांचे तक्ते वेगळे ठेवा.

चेहरा वाचताना माणसाचे अर्थ लावू नका. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. आवाज न करता दात विचकणं म्हणजे भीती किंवा माघार, हसू नव्हे. तोंड उघडं, नजर रोखलेली, डोकं पुढे झटकतंय, ही धमकी. नराची सुळे दाखवणारी मोठी जांभई बरेचदा तणावाची असते. ओठ भराभर मिटून उघडणं हा सलोखा. तुम्ही दात दाखवून हसत, डोळ्यांत डोळे घालून पाहिलंत, तर रोखलेली नजर त्याला धमकीच वाटते. नजर खाली घ्या, पण पाठ फिरवू नका. धावू तर मुळीच नका.

पाठ न फिरवण्याला आणखी एक कारण आहे. पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावरच्या ऱ्हीसस माकडांवरचा (हीही मकाकच) प्रयोग 2005 साली प्रसिद्ध झाला. दोन माणसांपैकी ज्याला माकड दिसत नाही, त्याच्याचकडचं खाणं ती पळवत. समोरच्याला काय दिसतंय याचा हिशेब त्यांना करता येतो. कर्नाटकातल्या बंदीपूरची टोपीमाकडं खाणं मागताना माणसाकडे पाहून ‘कू’ आवाज काढतात, हात पुढे करतात. बालीतल्या उलुवाटू मंदिराजवळची लांबशेपटी माकडं चष्मा, फोन पळवून खाणं मिळेपर्यंत सोडत नाहीत, आणि मोठी माकडं माणसाला जास्त मोलाची वाटणारी वस्तू निवडतात. म्हणून हिसकलेल्या वस्तूच्या बदल्यात खाणं देऊ नका. एकदा दिलं की पुढच्या माणसाचा चष्मा गेलाच.

माकड चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (रेबीजविरुद्ध तयार प्रतिपिंडं असलेलं इंजेक्शन) डॉक्टरांना विचारा. जखमी किंवा अडकलेलं माकड दिसलं तर हात न लावता महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.