कुठल्याही देशाच्या व्यापाराचे आकडे ऑनलाइन शोधताय? आधी ते मोजले कोणी ते बघा

एखाद्या देशावर प्रोजेक्ट किंवा रिपोर्ट करायचा असला की आपण पहिलं काय करतो, तर गुगलवर देशाचं नाव टाकून पुढे एक्सपोर्ट लिहितो आणि वर जो आकडा दिसेल तो उचलतो. मीपण हेच करायचो. एकदा एकाच रिपोर्टमध्ये एकाच देशाच्या निर्यातीचे दोन वेगळे आकडे माझ्या हातून गेले, एक नुसत्या मालाचा होता आणि दुसऱ्यात माल आणि सेवा दोन्ही धरल्या होत्या, आणि हे मला कळलं कधी तर समोरच्याने विचारल्यावर. तेव्हापासून आकडा नंतर, आधी तो कोणी मोजला आणि कशाचा मोजला ते बघतो.

जीडीपी, लोकसंख्या, महागाई असलं ढोबळ काही हवं असेल तर सरळ वर्ल्ड बँकेच्या डेटा साइटवर जा, २०१० पासून ते सगळं फुकट आहे. फक्त तिथे एकाच जीडीपीचे बरेच प्रकार दिसतील. वाढीचा वेग बघायचा तर स्थिर किमतीचा, म्हणजे महागाई वगळलेला घ्या, राहणीमानाची तुलना करायची तर पीपीपीवाला, म्हणजे देशादेशांतल्या किमतींचा फरक काढून टाकलेला, आणि व्यापार जीडीपीच्या किती टक्के हे काढायचं तर चालू किमतीचा, म्हणजे त्या त्या वर्षाच्या किमतीने मोजलेला. एकाच तक्त्यात तिन्ही मिसळू नका. ताज्या वर्षासाठी आयएमएफचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा, वर्ल्ड इकॉनॉमिक आउटलुक हा अहवाल बघा, त्याचा मुख्य डेटा एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतो, पण त्यात पुढच्या वर्षांचे अंदाजही त्याच ओळीत असतात आणि कधी कधी मागच्या वर्षाचा आकडासुद्धा अंदाजच असतो. कुठल्या वर्षापासून अंदाज सुरू होतो ते तिथे दिलेलं असतं, लोक तेवढंच वाचत नाहीत.

आता व्यापार. कोण कोणाला काय विकतं याचा मूळ साठा म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा कॉमट्रेड, १९६२ पासूनचा. तो जरा किचकट वाटतो, म्हणून सुरुवात ट्रेड मॅप या साइटवर करा, जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचा आहे, अकाउंट काढावं लागतं पण तक्ते लगेच समजतात. तिथले आकडे हजार डॉलरमध्ये असतात हं, ते न बघता कॉपी केलं की तीन शून्यं गायब.

शोध मात्र वस्तूच्या नावाने न करता एचएस कोडने, म्हणजे व्यापारातल्या प्रत्येक वस्तूला दिलेल्या ठरावीक क्रमांकाने करा. कॉफी ०९०१, कच्चं तेल २७०९, चिप म्हणजे इंटिग्रेटेड सर्किट ८५४२. पहिले सहा आकडे जगभर सारखे, त्यापुढचे प्रत्येक देशाचे आपापले, त्यामुळे आठ आकडी कोड घेऊन दोन देशांची तुलना करायला जाऊ नका. हे कोड दर काही वर्षांनी बदलतात, २०१२, २०१७, २०२२ अशा आवृत्त्या आहेत, म्हणून वीस वर्षांची मालिका काढताना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आवृत्ती ठेवा, नाहीतर मध्येच एखादी वस्तू अचानक गायब झालेली दिसते आणि तुम्ही त्याची कारणं शोधत बसता.

सगळ्यात कामाची युक्ती म्हणजे मिरर डेटा. काही देश आकडे उशिरा देतात, काही देतच नाहीत. मग उलटीकडून जायचं, त्या देशाकडून बाकीच्यांनी किती आयात केली ते बघायचं, कॉमट्रेडमध्ये रिपोर्टर (आकडे देणारा देश) आणि पार्टनर (समोरचा देश) यांची अदलाबदल केली की झालं. दोन्ही बाजू तंतोतंत जुळणार नाहीत, कारण निर्यात साधारणपणे बंदरावर माल चढवेपर्यंतच्या किमतीने मोजतात आणि आयातीत वाहतूक आणि विमाही धरतात. पण फरक फारच मोठा असेल तर मधे तिसरा देश आहे का ते बघा. हाँगकाँग आणि नेदरलँड्समधून ढीगभर माल नुसता पुढे जातो. स्वित्झर्लंडमध्ये कॉफी पिकत नाही तरी तो कॉफीचा मोठा निर्यातदार आहे, बिया आणायच्या, भाजायच्या, विकायच्या. हे जुळवाजुळवीचं काम स्वतः करायचं नसेल तर फ्रान्सच्या सेपी संस्थेचा बासी नावाचा डेटासेट आहे, त्यात दोन्ही बाजूंचा मेळ आधीच घातलेला असतो.

आणि तैवान शोधून दमलात तर सांगतो, वर्ल्ड बँकेच्या यादीत तो नाहीच, कॉमट्रेडमध्ये तो ‘इतर आशिया’ अशा अर्थाच्या नावाखाली, कोड ४९० मध्ये सापडतो. आयएमएफच्या आउटलुकमध्ये मात्र नावानिशी आहे.

यापेक्षा बारीक काही हवं असेल, महिन्याचे आकडे वगैरे, तर त्या देशाचं सांख्यिकी खातं, मध्यवर्ती बँक आणि कस्टम्स. इंग्रजी पान बरेचदा अर्धवट असतं, त्यामुळे साइटची भाषा बदलून मूळ पान उघडा आणि ट्रान्सलेटरने वाचा, वेळ लागतो पण सोनं तिथेच असतं. वर्ष कधी सुरू होतं तेही बघा, नेपाळचं आर्थिक वर्ष जुलैच्या मध्याला सुरू होतं, ते कॅलेंडर वर्षाशेजारी ठेवलं तर तुलना गंडते.

आलेखात एकदम उडी दिसली की लगेच चमत्कार समजू नका. नायजेरियाचा जीडीपी २०१४ मध्ये ८९ टक्क्यांनी मोठा निघाला, कारण पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती धरून हिशोब करतात ते, १९९० वरून २०१० वर आणलं आणि आधी नीट न मोजलेले उद्योग हिशोबात आले. आयर्लंडची २०१५ ची वाढ आधी २६ टक्के जाहीर झाली होती, त्यातलं बरंचसं बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली मालमत्ता तिथल्या वह्यांत हलवल्यामुळे. मग त्यांच्याच सांख्यिकी खात्याने तो परिणाम वगळणारा वेगळा आकडा द्यायला सुरुवात केली, आयर्लंडवर लिहिताना तोच वापरा.

फाइल उतरवून घेतली की त्याच दिवशी तारीख आणि इंडिकेटरचं, म्हणजे जे मोजलंय त्याचं, पूर्ण नाव फाइलमध्येच लिहून ठेवा, कारण जुने आकडेही मागाहून बदलतात. आणि वर्ल्ड बँकेच्या फाइलमध्ये जिथे दोन टिंबं दिसतात तिथे आकडा उपलब्ध नाही असा अर्थ आहे, शून्य नाही, एक्सेलमध्ये त्या जागी शून्य भरून सरासरी काढू नका.