वाळवंटात एकट्याने गाडी घेऊन निघालात? पहिल्या काही दिवसांतल्या या चुका टाळा

वाळवंटातल्या एकट्याच्या प्रवासात सगळ्यात नाजूक असतात ते पहिले तीन-चार दिवस. पुढे ऊन अंगवळणी पडायला लागतं, गाडीचे आवाज ओळखीचे होतात, दिवसाला किती पाणी लागतं ते कळतं. सुरुवातीला यातलं काहीच नसतं, उत्साह मात्र भरपूर असतो. आणि शेजारच्या सीटवर "अगं, थांब जरा" म्हणणारं कोणी नसतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: त्या माणसाने जे निर्णय तुम्हाला घ्यायला लावले असते, ते निघण्याआधीच घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. किती वाजता थांबायचं, किती पाणी उरलं की मागे फिरायचं, किती इंधनाला पुढे जायचं नाही. उन्हात शिणलेलं डोकं यातलं काही नीट ठरवू शकत नाही.

पहिल्याच दिवशी मोठा पल्ला मारणं

उष्णतेला सरावायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तुम्ही एरवी कितीही काटक असलात तरी हे चुकत नाही. पहिले दोन-तीन दिवस पहाटे निघा, ऐन दुपारी सावलीत थांबा आणि मावळतीच्या तासभर आधी मुक्कामाला पोहोचा. मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत येतं आणि अंधारात जनावरं रस्त्यावर येतात.

सरळसोट रस्ता आणि दोन्ही बाजूंना तोच रंग, यामुळे डोळे उघडे असूनही मन झोपी जातं. मागचे काही किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल, तर गाडी लगेच बाजूला घ्या. काच खाली करून किंवा गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही, वीस मिनिटांच्या डुलकीने जाते.

तहान लागेपर्यंत पाण्याची वाट बघणं

कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत वाळून जातो. त्यामुळे आपल्याला घाम येतच नाही असं वाटत राहतं आणि संध्याकाळी कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग दिसतात. नुसतं पिण्यासाठी माणशी दिवसाला किमान चार लिटर धरा, चालणं किंवा खणणं झालं तर त्याहून जास्त. शिवाय दोन-तीन दिवसांचा साठा वेगळा ठेवा आणि त्याला हात लावू नका. सगळं पाणी एकाच कॅनमध्ये भरू नका. तो फुटला की सगळा साठा गेला. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय असं समजा.

उलट बाजूही आहे. भीतीपोटी नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. मधूनमधून काही खारट खा, ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा.

डोकं ठणकलं, मळमळलं, पायात गोळे आले की त्या दिवशीचा प्रवास संपला. सावलीत बसा, अंग ओलं करा, वारा घ्या. याच्या पुढची पायरी उष्माघाताची. त्यात शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. एकट्या माणसाला स्वतःचा भ्रम ओळखता येत नाही. म्हणून मदत पहिल्या लक्षणांतच मागायची.

वाळूत रुतल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबणं

ही चूक मी केली आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी डांबरी रस्ता सोडून जेमतेम दोनशे मीटर आत गेले आणि गाडी मंदावली. मी गिअर खाली घेतला आणि पाय दाबला. मागचं चाक गरगर फिरलं, वाळूचा फवारा काचेपर्यंत आला आणि गाडी पुढे सरकायच्या ऐवजी खाली बसत गेली. उतरून पाहिलं तर चाक नटांपर्यंत गाडलेलं आणि गाडीचं पोट वाळूला टेकलेलं. चाक घसरल्याबरोबर पाय उचलला असता तर दहा मिनिटांचं काम होतं. ते अडीच तासांचं झालं, तेही भर उन्हात.

चाक जागेवर फिरलं की लगेच पाय काढा. ब्रेकही मारू नका, कारण त्याने चाकापुढे वाळूचा बांध तयार होतो. उतरून आधी गाडीखालची वाळू उपसा. पोट टेकलेलं असेल तर गाडीचं वजन चाकांवर येतच नाही आणि बाकीची मेहनत फुकट जाते. मग चाकांच्या मागची वाळू मोकळी करून उतार करा. चारही टायरची हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, नाहीच जमलं तर १५. हवा कमी झाली की टायर लांबट पसरतो आणि वाळूत रुतण्याऐवजी वाळूवरून चालतो. स्टिअरिंग सरळ ठेवा आणि आलात त्याच चाकोरीतून हळूहळू मागे या, तिथली वाळू आधीच दाबली गेलेली असते. ओढणाऱ्या चाकांखाली पायाशी असतात ती मॅट घातली तरी पकड मिळते. गाडी सुटली की कठीण जमीन लागेपर्यंत थांबू नका.

त्यानंतरची चूक म्हणजे तशाच टायरवर डांबरी रस्त्याला लागणं. कमी हवेत टायरच्या बाजू लवतात, तापतात आणि वेगात फुटतात. म्हणून १२ व्होल्टचा पंप हवाच. दुसरी गोष्ट: भर दुपारी रस्त्यावर टायरची हवा जास्त दिसली म्हणून सोडू नका, ती उष्णतेने फुगलेली असते. हवा पहाटे, टायर थंड असताना तपासा. जॅकखाली ठेवायला जाड फळी घ्या, नाहीतर वाळूत गाडीऐवजी जॅकच खाली जातो.

गाडीच्या आणि फोनच्या भरवशावर राहणं

तापमानाचा काटा चढायला लागला की एसी बंद करा आणि हीटर पूर्ण चालू करा. बसवत नाही, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडते. तरी चढत राहिला तर थांबा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि तोंडावर उसळतं. इंधन अर्ध्यावर आलं की भरायचं. वाळूत गाडी एरवीपेक्षा बरंच जास्त पिते.

फोन डॅशबोर्डवर तापून बंद पडतो आणि रेंज शोधताना बॅटरी खातो. नकाशे आधी उतरवून घ्या आणि फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. जीपीएसला रेंज लागत नाही. कागदी नकाशाही असू द्या.

कोरड्या नदीपात्रात मुक्काम

जागा सपाट, वाळू मऊ, आडोसा आयता, म्हणून मोह होतो. पण लांब डोंगरात पाऊस झाला की तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही पात्रातून लोंढा येतो. मुक्काम उंचावर करा. आणि जाड पांघरूण घ्या. कोरडी हवा उष्णता धरून ठेवत नाही, पहाटे हुडहुडी भरते.

गाडी सोडून चालत निघणं

गाडी बंद पडली की क्षितिजावरची टेकडी जवळ वाटते. ती जवळ नसते. गाडीपाशी सावली आहे, पाणी आहे, आणि शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी कितीतरी आधी दिसते. बॉनेट उघडं ठेवा, गाडीच्या सावलीत बसा, खणणं-हलणं रात्रीवर टाका.

पण शोधायला कोणी निघालं तरच याचा उपयोग. त्यासाठी घरचं किंवा मैत्रीतलं एक माणूस ठरवा. रोज निघताना त्याला तीन गोष्टी कळवा: आत्ता कुठे आहे, कोणत्या रस्त्याने कुठे जाणार, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत पाठवायची. जिथे रेंज नाही तिथे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्या. मी हाच मजकूर वेळेसकट कागदावर लिहून समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला चिकटवते आणि रोज पहाटे टायरची हवा बघून झाली की तो बदलते.