पावसात न विझणारा सायकलचा मागचा लाइट कसा निवडावा

वाळूजची सेकंड शिफ्ट सुटली की नगर नाक्याच्या दिशेने सायकली निघतात. एका सप्टेंबरात भर पावसात मीही त्याच रस्त्याने येत होतो. मागचा लाइट कधी बंद पडला, मला कळलंच नाही. मागून आलेल्या टेम्पोवाल्याने ओरडून सांगितलं. पुढचा दिवा गेला तर अंधार होतो, पण मागचा गेल्याचं आपल्याला दिसत नाही. घरी येऊन उघडला तर आत पाणी आणि चार्जिंगच्या पिना हिरव्या पडलेल्या.

पाणी वरून येतं असं आपण धरून चालतो. मागच्या लाइटला ते जास्त करून खालून लागतं. चाक रस्त्यावरचं पाणी उडवतं, तेही काळ्या मातीच्या गाळासकट. म्हणून आधी खोक्यावरचा आयपी क्रमांक वाचा. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा ४ असेल तर सगळ्या बाजूंचे शिंतोडे सोसतो, ५ किंवा ६ असेल तर नळीची धार. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. पण बुडवायची चाचणी वेगळी, धारेची वेगळी. ७ वाला धारेतही टिकेलच असं नाही. पहिल्या आकड्याच्या जागी एक्स असेल तर धुळीबद्दल काहीच सांगितलेलं नाही. उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात चिखल असणाऱ्या आपल्या रस्त्यांना आयपी ६५ किंवा ६६ घ्यावा. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय आणि आकडा नाही, तो घेऊ नका.

मग दुकानातच चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण उघडून बघा. पाणी बहुतेक वेळा इथूनच शिरतं. झाकण जाड हवं, आत घट्ट बसायला हवं. केसाएवढ्या पट्टीवर लोंबत असेल तर ते वर्षभरही टिकणार नाही. बटणही रबराखाली झाकलेलं असावं. गावात वीज वेळेवर नसेल तर सेलवर चालणारा लाइट सोयीचा. फक्त वापर नसताना सेल काढून ठेवा, ते गळतात.

उजेडाच्या आकड्यामागे फार लागू नका. रात्रीसाठी २० ते ५० ल्युमेन पुरतात. मी लाइट स्थिर ठेवतो, कारण नुसत्या लुकलुकीवरून मागच्याला अंतराचा अंदाज नीट येत नाही.

बसवताना कॅरिअरच्या मागच्या टोकाला नट-बोल्टने बसवा. सीटच्या दांड्यावर लावला तर डब्याची पिशवी तो झाकून टाकते, आणि रबरी पट्टा मे महिन्याच्या उन्हात तडकतो. लाइट जमिनीकडे झुकलेला नको. घरच्या कुणाला तरी पन्नास पावलं मागे उभं करून दिसतो का ते विचारा.

बिल हातात असतानाच परीक्षा घ्या. लाइट चालू करून झाकण घट्ट लावा आणि पाच मिनिटं नळाखाली खालून, बाजूने धार लागू द्या. पुसून रात्रभर ठेवा. सकाळी काचेच्या आत वाफ धरलेली दिसली तर सरळ परत करा.

भिजून आल्यावर तो कोरडा होईपर्यंत झाकण उघडू नका, चार्जिंगला तर लावूच नका. उन्हात उभ्या सायकलवर लाइट सोडू नका. लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. निघताना काचेवरचा गाळ ओल्या फडक्याने पुसा. आणि मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर काढू नका, लाइट विझला तरी गाडीच्या उजेडात तो चमकतो.